काल फोन करतो

दिल्लीत रविवारी सकाळी आठ वाजता सज्जन माणूस झोपलेला असतो. माझ्या दारावर नेमकं त्याच वेळी वाजायचं. बेल नाही, कडी नाही. वर्तमानपत्राची सुरळी करून दारावर फटके, आणि मागोमाग आवाज : "अहो कोल्हापूर! उठा. आपलं पोरगं मैदानात उतरतंय."

पोरगं आपलं नव्हतं. ते अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका विद्यापीठात शिकत होतं, चौकटीला डोकं लागेल एवढं उंच होतं, आणि आम्ही दोघं या पृथ्वीवर आहोत याची त्याला गंधवार्ताही नव्हती. कोल्हापूर म्हणजे मी. माझं खरं नाव घरमालक काकांना भाडेकरारापुरतं ठाऊक होतं. नंतर त्यांनी ते कधी वापरलं नाही.

मयूर विहारातल्या एका सोसायटीत काकांचा फ्लॅट होता. मागची खोली ते भाड्याने देत. मी नोएडातल्या एका कंपनीत संगणकासमोर बसायला लागलो होतो आणि खोली शोधत होतो. काकांनी मला उंबऱ्यातच उभं करून मुलाखत घेतली.

"मराठी येतं?"

"कोल्हापूरचा आहे काका."

"मी गाव नाही विचारलं. असू दे. फुटबॉल कळतो?"

आता कोल्हापूरच्या माणसाला हा प्रश्न विचारायचा म्हणजे काय! आमच्याकडे फुटबॉलवरून पेठापेठांत बोलणं बंद होतं. मी छाती काढून म्हणालो, "रक्तात आहे काका." प्रत्यक्षात शाळेच्या संघात मी राखीव खेळाडूंचा राखीव होतो. मध्यंतरात लिंबाच्या फोडी वाटायचं काम माझ्याकडे होतं, आणि तेही एकदा मीठ विसरल्यामुळे काढून घेतलं होतं. पण खोली मिळाली.

पहिल्याच रविवारी मी चुळा भरून, शर्ट वगैरे घालून काकांच्या टीव्हीसमोर बसलो. मैदान दिसलं, शिरस्त्राणं घातलेली दांडगी माणसं दिसली, आणि मग बॉल दिसला. मी जाणकाराच्या सुरात म्हणालो, "काका, बॉल चेपलाय. बदलायला हवा."

काकांनी चष्मा खाली सरकवून माझ्याकडे पाहिलं. "हा अमेरिकन फुटबॉल आहे. बॉल असाच असतो. आणि यात पायाचं काम जवळजवळ नाही."

खोली गेली, असं मी मनात म्हणून टाकलं. पण काका म्हणाले, "बसा. मलाही पूर्ण कळत नाही. एकाला कळत असतं तर भांडणं झाली असती."

टीव्हीचा आवाज ते बंद ठेवत. तिकडचे निवेदक फार भरभर बोलतात, अशी तक्रार. निवेदन काका स्वतः करत, मराठीत. एका सरकारी कार्यालयात मराठी अनुवादक म्हणून त्यांनी सगळी नोकरी काढली होती. तुम्हाआम्हाला फॉर्मवर भेटणारे भयंकर शब्द जिथे तयार होतात, तिथे. घरात मात्र त्या शब्दांना बंदी होती. सोसायटीच्या लिफ्टला मी एकदा त्यांना खूश करायला 'उद्वाहन' म्हणालो, तर चिडले. "ते पगारासाठी होतं हो. उद्वाहनातून माणूस वर जातो, शब्द खालीच राहतो. घरात बोलायचे शब्द वापरा."

त्यामुळे फुटबॉलला त्यांनी बोलायचे शब्द दिले होते. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, नाही सरकलात तर बॉल समोरच्याला, असा तो खेळ. त्या प्रयत्नाला इंग्रजीत म्हणतात 'डाउन'. काका म्हणायचे 'डाव', आणि हा शब्द आयताच मिळाल्याबद्दल अमेरिकेचे आभार मानायचे. हातातून बॉल सुटला की 'सांडला'. फेकलेला बॉल मधल्यामध्ये समोरच्याने पकडला की 'लंपास'. डावाआधी सगळे गडी डोकी एकत्र करून कुजबुजतात ते 'कोंडाळं'. आणि ज्याच्या हातात बॉल आधी येतो, कुणाकडे फेकायचा हे जो ठरवतो, त्या क्वार्टरबॅकला लोळवला की 'पोत्यात घातला'.

खुद्द क्वार्टरबॅकला शब्द मिळाला नाही. 'पावपाठ्या' असा एक प्रस्ताव मी मांडला होता. त्यावर काका दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. शेवटी म्हणाले, "शब्द सापडत नसला की नातं लावावं." तेव्हापासून तो 'आपलं पोरगं'.

आपलं पोरगं दोन वर्षं बाकावर बसून होतं. मोठा खेळाडू पास होऊन गेला आणि याला जागा मिळाली. पहिल्या सामन्यात त्याची अवस्था मला फार ओळखीची वाटली. समोरून गडी त्याच्या अंगावर धावून येत, त्याच्या बाजूचे गडी भोवती कडं करून त्यांना अडवत. त्या कड्याला म्हणतात 'पॉकेट'. कड्यात उभं राहायचं, इकडे बघायचं, तिकडे बघायचं आणि मग फेकायचं. हे पोरगं बॉल हातात आला की निखारा दिल्यासारखं फेकून मोकळं.

"खिशात थांब!" काका खुर्चीतून अर्धे उठून ओरडायचे. "अरे, खिशात थांब की जरा!"

समोरच्या दारातल्या पंजाबी आंटी एकदा येऊन विचारून गेल्या, "भाईसाहब, संडे को सुबह-सुबह किसको डाँटते हो?"

"अपना बच्चा है," काका म्हणाले. "जल्दी बहुत करता है."

आंटींना वाटलं माझ्याबद्दलच बोलतायत. त्या महिनाभर जिन्यात मला "आराम से, बेटा" म्हणत होत्या.

खरं पोरगं, म्हणजे काकांचा मुलगा, त्याच स्टेडियममध्ये बसलेला असायचा. त्या विद्यापीठाच्या गावात त्याची नोकरी होती. एकटाच राहायचा. गोलखांबांच्या मागे डाव्या कोपऱ्यात त्याची जागा, एवढं काकांना माहीत होतं. कॅमेरा त्या बाजूला वळला की काका टीव्हीला नाक लावून उभे राहत. "लाल टोपी, बघा, लाल टोपीवाला." स्टेडियममध्ये झाडून सगळ्यांच्या टोप्या लाल होत्या. त्याने पाठवलेला, तिकडचे प्रेक्षक हलवतात तसला फोमचा एक भलामोठा हातही भिंतीवर टांगलेला होता, एक बोट वर केलेला. कामवाल्या बाईने विचारलं होतं, "अंकल, ये कौनसी पार्टी का है?"

हा मुलगा दिल्लीत वाढलेला. घरात मराठी, दाराबाहेर पाऊल पडलं की हिंदी. दोन्ही एकमेकांत मिसळायच्याच. "शर्ट प्रेस करून दे," "किती गर्मी आहे," हे काकू चालवून घेत. काका घेत नसत. सगळ्यात मोठं भांडण होतं 'काल'वरून. हिंदीतला 'कल' मागचाही असतो आणि पुढचाही. मुलगा त्याचं सरळ 'काल' करायचा. "बाबा, काल माझी परीक्षा आहे."

"आहे का होती? होती तर मार्क सांग. आहे तर ऊठ, अभ्यासाला बस."

हे दहा वर्षांच्या मुलाशी गमतीचं होतं. मुलगा तिशीत गेला, समुद्रापलीकडे गेला, तरी काका तेच करत राहिले. काकू होत्या तोवर निभावलं. फोन त्यांचाच असे. सगळं बोलून झालं की त्या म्हणत, "घे, बाबांशी बोल." बाबा म्हणत, "हं. बरं आहे ना? बरं." काकू गेल्या आणि फोन अख्खा बाबांच्या हातात आला.

"मला बोलता येईना हो," काका मला एकदा म्हणाले. दोडका सोलत होते, त्यामुळे वर बघायची गरज नव्हती. "तो बोलायचा आणि मी मुद्रितशोधन करायचो. एकदा म्हणाला, बाबा, काल फोन करतो. मी म्हटलं, काल तर आला नाही. त्याने फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी फोन नाही. मग पुढे बरेच महिने नाही."

"मग?"

"मग एका रविवारी एकदम आला. मागे हा गोंगाट! सामना सुटला होता, पार्किंगमधून गाड्या हलत नव्हत्या, हा गाडीत अडकलेला. कंटाळा आला असणार. सामन्याबद्दल बोलायला लागला. मला एक अक्षर कळत नव्हतं, त्यामुळे दुरुस्त काय करणार? नुसतं हं, हं करत होतो. आणि तो बोलत होता, कोल्हापूर. बोलतच होता."

जास्त चांगलं 'हं' म्हणता यावं म्हणून काकांनी सत्तरीत हा खेळ शिकायला घेतला होता. आपले मराठी शब्द मात्र ते मुलापुढे काढत नसत. फोनवर निमूटपणे 'लंपास'ला 'इंटरसेप्शन' म्हणत आणि चेहरा असा करत, की जिभेला चहाचा चटका बसला असावा.

मला वाटत होतं, संघ जिंकला की मुलगा खुशीत फोन करतो. पहिला सामना अगदी शेवटच्या क्षणी, कुणीतरी मारलेल्या एका लाथेवर जिंकला, आणि फोन आला. दुसऱ्या सामन्यात पोरग्याने दोनदा सांडला, तीनदा लंपास करून दिला. मध्यंतरानंतर काका सामना बघतच नव्हते, प्रेक्षक बघत होते. "निघाली," ते म्हणाले. "बघा, निघाली मंडळी. आता रस्ता मोकळा."

"रस्त्याचं काय?"

"अहो, लोक लवकर उठले की गाड्या तुंबत नाहीत. गाड्या तुंबल्या नाहीत की तो सरळ घरी जातो. घरी गेला की त्याला कामं असतात."

मी म्हणालो, "म्हणजे आपण जिंकायला हवं."

"नुसतं जिंकून काय उपयोग? दणकून जिंकलो तरी लोक उठतात. चुरस पाहिजे. शेवटपर्यंत चुरस."

एवढ्यात माझा फोन वाजला. आईचा होता. मी तो कापून 'नंतर करतो' असा संदेश टाकला.

"कोण?"

"आई."

"का? तुमचं पार्किंग मोकळं आहे का?"

मी गॅलरीत जाऊन आईला फोन लावला. तिने विचारलं, जेवलास का? मी म्हणालो, हो. सकाळचे दहा वाजले होते.

त्या हरण्यानंतर तिकडे ओरड सुरू झाली की पोरग्याला बसवा, दुसऱ्याला खेळवा. काका संतापले. सामन्याच्या व्हिडिओखाली त्यांनी आपल्या सरकारी इंग्रजीत टिप्पणी टाकली, की सदर मुलास पुरेसा अवधी देण्यात यावा. तिकडच्या कुणीतरी विचारलं, तुम्ही त्याचे आजोबा का? काकांनी उत्तर दिलं, नाही, तथापि जागा रिक्त असल्यास कळवावे.

तिसरा सामना मी विसरणार नाही. पोरगं पहिल्यांदा खिशात थांबलं. आपटलं, उठलं, परत थांबलं. बरोबरी झाली, जादा वेळ लागला. त्या जादा वेळात समोरच्यांनी गोल केला असं समजून मी हळहळलो, तो आमचाच निघाला. आधी आमचा समजून टाळ्या वाजवल्या होत्या तो त्यांचा होता. काकांनी मला खुर्चीवरून उठवून दाराजवळ स्टुलावर बसवलं. शेवटी आपल्या गड्यांनी त्यांच्या क्वार्टरबॅकला लोळवलं आणि सामना संपला. कोपऱ्यातली एकही लाल टोपी जागची हलली नव्हती.

फोन आला. काकांनी स्पीकर लावला. मुलगा बोलत होता, काका "हो ना, सॅक भारी झाला" असं काहीतरी इंग्रजी चावत होते. मला राहवेना. मी स्टुलावरूनच ओरडलो, "काका, सांगा ना, कसलं पोत्यात घातलं ते!"

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी भाडं कुणाला देतो ते मला आठवलं.

"बाबा, कोण आहे?" तिकडून आवाज. "कोणाला पोत्यात घातलं?"

"कोल्हापूर आहेत. भाडेकरू. त्यांचं काही मनावर घेऊ नकोस."

"नाही, रुको. पोत्यात म्हणजे... अच्छा, सॅक! यार, मस्त आहे. हे तुम्ही केलं?"

काका चोरी सापडल्यासारखे चष्मा पुसायला लागले.

"बाबा, अजून सांगा ना."

"फंबल म्हणजे सांडला," काका हळूच म्हणाले. "पॉकेट म्हणजे खिसा."

"आणि हडल? ते गोल करून उभे राहतात ते?"

"कोंडाळं."

तिकडे नुसते गाड्यांचे हॉर्न. मला वाटलं, कटला फोन.

"आई म्हणायची ना हा वर्ड," मुलगा म्हणाला. "आम्ही सगळे जिन्यात बसायचो तेव्हा. कसलं कोंडाळं केलंय रे, उठा."

"हो."

"मला वाटायचं शिवी आहे काहीतरी."

काका हसले. मी त्यांना तसं हसताना आधी ऐकलं नव्हतं. त्यात थोडा खोकला होता, थोडं आणखी काही. मग ते दोघं कितीतरी वेळ जिन्याबद्दल बोलत होते, खालच्या मजल्यावरच्या कुत्र्याबद्दल, काकूंनी एकदा चपलेने फोडलेल्या बल्बबद्दल. हॉर्न कमी होत होत थांबले.

"बाबा, पार्किंग लॉट पूर्ण खाली झाला," मुलगा म्हणाला. "मी एकटाच आहे."

खाली! मराठीत खाली म्हणजे तळाला. रिकाम्याला रिकामा म्हणतात. काकांचं तोंड उघडलं. दुरुस्ती अगदी ओठापर्यंत आलेली मला दिसली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, टीव्हीकडे पाहिलं. आणि काका खिशात थांबले.

"हं," ते म्हणाले. "मग सावकाश चालव."

चौथ्या सामन्यासाठी काकांनी लवकर आंघोळ केली होती. मला स्टुलावरून पुन्हा खुर्ची मिळाली. आणि त्या दिवशी आपलं पोरगं तयार झालं.

काय खेळत होतं! बॉल हातात आला की एका बाजूला बघायचं, तिथे जमणार नाही म्हणून दुसरीकडे, तिथेही नाही म्हणून तिसरीकडे. अंगावर हत्ती येतायत आणि हा बाजारात भाजी निवडल्यासारखा उभा. मग जिथे कुणीच नाही अशा जागी बॉल सोडायचा, आणि बॉल पडायच्या वेळी तिथे आपला गडी हजर. काकांनी पहिल्या गोलला टाळी वाजवली. दुसऱ्या गोलला वाजवली. तिसऱ्याच्या वेळी हात अर्ध्यावर थांबले.

"अरे हळू," ते म्हणाले. "एवढी घाई काय?"

"काका, आपण जिंकतोय."

"तेच म्हणतोय मी."

पुढच्या डावात पोरग्याने लांबवर असा काही बॉल फेकला, की मी उडी मारली. काकांनी "वा!" म्हटलं, अगदी मनापासून, आणि लगेच डाव्या कोपऱ्याकडे पाहिलं. तेव्हापासून त्यांचं तसंच चाललं होतं. पोरग्याकडे बघताना तोंड फुलायचं, कोपऱ्याकडे बघताना मिटायचं. मध्यंतरापर्यंत सामन्यात काही उरलं नाही. प्रशिक्षकाने पोरग्याला बाहेर घेऊन बाकावर बसवलं. त्याची गरज नव्हती आता. डोक्यावर टोपी, गळ्यात टॉवेल.

"निघाली मंडळी," मी म्हणालो आणि म्हणाल्याबरोबर जीभ चावली.

काका टीव्हीजवळ जाऊन उभे होते. डाव्या कोपऱ्यात लाल रंगाला मोठमोठी भोकं पडत होती. "दोन वर्षं बसलं होतं बिचारं," ते म्हणाले. "झालं तयार. तयार झालं की असंच असतं."

कुठल्या पोराबद्दल बोलत होते, ते मी विचारलं नाही. मला नको तिथे बोलायची सवय आहे, पण तेवढं मला जमलं.

काकांनी फोन फोमच्या हाताखालच्या तिपाईवर ठेवला. परत उचलला. आवाज चालू आहे ना, ते मला तपासायला लावलं. मी उगाच दुसऱ्या फळीतल्या खेळाडूंचं कौतुक करत होतो. नावं चुकत होती, पण काकांनी एकही दुरुस्त केलं नाही.

मग फोन वाजला. वाजला म्हणजे नुसता टिंग झाला. संदेश होता, इंग्रजी अक्षरांत मराठी. काकांनी चष्मा कपाळावर चढवून, फोन डोळ्यांशी धरून मोठ्याने वाचला.

"बाबा, लवकर निघालो. एकतर्फी मॅच. काल फोन करतो."

मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळून फोमच्या बोटाकडे बघत राहिलो. काका खुर्चीत बसले आणि एका बोटाने टाइप करायला लागले. थांबत होते, पुसत होते, परत लिहीत होते. एवढा वेळ लागला, की मला वाटलं चांगलंच झापलंय. शेवटी त्यांनी फोन माझ्यापुढे धरला.

"बघा हो. पाठवलंय."

त्यात लिहिलं होतं, 'हो. काल कर.'

"काका," मी म्हणालो, "काल नाही, उ–"

"मला कळतं, कोल्हापूर," काका म्हणाले. "त्याला कळायला नको?"

मग त्यांनी फोन तिपाईवर, समोर दिसेल असा ठेवला. मी टीव्ही बंद करायला उठलो, तर त्यांनी हाताने बसा म्हणून सांगितलं. सामना अजून बराच बाकी होता. त्या कोपऱ्यात आता कुणीच नव्हतं. आम्ही दोघं शेवटपर्यंत बसलो.